बर्गे, धुराडी आणि बाजार आमटी

दसरा झाला की टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय असतो. कुठल्या कारखान्याचे बॉयलर पेटले, कुणाची पहिली मोळी गव्हाणीत पडली आणि पहिली उचल किती देणार. दिवाळी उलटेपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावू लागतात. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर. पुढे मात्र गाणी मोठ्याने चालू. रस्त्याच्या कडेला उसाच्या कांड्या आणि चिपाडे पसरतात, ऊसतोड टोळ्यांच्या पालांपुढे वाढ्यांचे भारे उभे राहतात. पंढरपूर तालुक्याच्या उत्तर टोकाचे करकंब हे याच रस्त्यावरचे मोठे बाजारगाव. माढा तालुक्यातल्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट करकंबला आहे. त्यामुळे हंगामातले चार-पाच महिने गावावर मळीचा वास तरंगत असतो. पाहुण्याला तो जाणवतो, गावकऱ्याला जाणवत नाही.

या गावाला कुणी औद्योगिक वारशाचे ठिकाण म्हणणार नाही. जुनी गिरणी नाही, संग्रहालय नाही, पुरातत्त्व खात्याचा निळा फलकही नाही. पण करकंब मध्यभागी धरून नकाशावर एक वर्तुळ काढावे. उत्तरेला उजनी आणि कुर्डुवाडी, पश्चिमेला भीमेपलीकडे श्रीपूर, माळीनगर आणि नीरा-नरसिंहपूरचा संगम, पूर्वेला आष्टीचा तलाव, दक्षिणेला पंढरपूर. पश्चिमेकडे थोडा हात लांबवला की वालचंदनगर. गेल्या दीडशे वर्षांत दख्खनच्या या कोरड्या पट्ट्यात यंत्राने काय घडवले आणि काय संपवले, त्याचा बराचसा पुरावा या वर्तुळात उघड्यावर पडलेला आहे. तो उघड्यावर पडलाय हीच अडचण आहे. आपण देऊळ जपतो, किल्ल्यासाठी भांडतो, पण स्लूस गेट किंवा नॅरोगेजचा पूल जपण्यासारखा असतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. आणि नदीची वाळू, नदीचे पाणी हेही त्याच हिशेबात धरायचे असते, हे तर मुळीच नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते, कारण इथे बाकी सगळे त्याच्या मागून आले. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आष्टीचा तलाव 1876-77 च्या भीषण दुष्काळाशी जोडलेल्या कामांपैकी. दुष्काळात माणसांना काम द्यायचे आणि कामातून पाणी उभे करायचे, हे धोरण तेव्हाचे. नीरेच्या खोऱ्यात भाटघरचे मोठे धरण 1927 मध्ये पूर्ण झाले आणि उजव्या कालव्याने माळशिरसची माळराने भिजू लागली. भीमेवरचे उजनी सर्वांत उशिरा आले. यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते 1966 मध्ये पायाभरणी झाली, 1980 मध्ये धरण उभे राहिले, आणि जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, पण त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणूनच या भागात धरण ‘प्लस’मध्ये असते किंवा ‘मायनस’मध्ये. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 60 टक्क्यांच्या घरात गेले होते आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तुडुंब भरले. करकंबच्या शेतकऱ्याला शेअर बाजाराचा निर्देशांक ठाऊक नसेल, उजनीची टक्केवारी मात्र रोज सकाळी ठाऊक असते.

नदीचे पाणी वळवून शेती करायची हा उद्योग या खोऱ्याला नवा नाही. भीमेची उपनदी घोड, तिच्या काठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातल्या त्या वस्तीत पुराचे पाणी वळवणारा बांध आणि पाट सापडला. तीन हजार वर्षांहून जुना! त्या पाटाचा वारस शोधायचा तर तो उजनीचा कालवा. पण या वारसाला वय झाल्याचे आपण मान्य करत नाही. जानेवारी 2023 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या पाटकुलजवळ उजनीचा डावा कालवा फुटला आणि उभी पिके वाहून गेली. चाळीस वर्षांच्या अस्तरीकरणाला तडे जातात, गेट गंजतात, पाटकऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात. जुने देऊळ ढासळले तर बातमी होते. कालवा ढासळला तर पंचनामा होतो आणि प्रकरण तिथेच मिटते.

आता रेल्वेची गोष्ट. या खोऱ्यात सांगण्याजोगी सर्वांत रंजक गोष्ट तीच आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. बार्शी ही तेव्हा कापसाची आणि तेलबियांची मोठी पेठ, पण मुख्य लोहमार्ग तिच्यापासून दूर गेलेला. अरुंद, अडीच फुटी गेजचा रूळ टाकला तर स्वस्तात भरपूर माल वाहता येतो, असे त्याचे ठाम मत होते. त्यासाठी प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवायचा, म्हणजे हलके रूळ पुरतात, आणि तो भार सगळ्या गाड्यांवर सारखा वाटायचा. सिद्धान्त साधा होता, पण तो पटवायला त्याला वर्षे लागली. अखेर 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी शहर अशी बार्शी लाइट रेल्वे धावली. 1906 मध्ये ती पंढरपूरच्या दिशेने वाढली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1927 मध्ये मिरजेला. सगळी मिळून 202 मैल. आषाढी-कार्तिकीला तिच्या डब्यांच्या टपांवरही माणसे बसत. करकंबचा माणूस मोडनिंब किंवा आष्टीला जाऊन ही गाडी धरी. गाडी इतकी सावकाश, की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असे विनोद त्या पट्ट्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. ते व्हायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. लातूरच्या माणसाला मुंबईला थेट जाता यावे, ही गरज इतिहासप्रेमापेक्षा मोठी आहे.

कॅलथ्रॉप माणूस मात्र विलक्षण. त्याने अरबी घोडे पाळले, घोड्यांना मायेने कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे ते त्याचे बार्शीनंतरचे काम. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला मॅनिफोल्ड नावाची नदी आहे. चुनखडीच्या डोंगरातून वाहणारी, आणि कोरड्या दिवसांत काही मैल चक्क जमिनीखाली गडप होणारी. तिच्या खोऱ्यात 1904 मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे सुरू झाली. गेज तेच अडीच फुटी आणि अभियंता तोच कॅलथ्रॉप. बार्शीच्या माळावर सिद्ध केलेले तंत्र त्याने आपल्या देशात नेले. साम्राज्यात ज्ञान एकाच दिशेने वाहत होते असे समजणाऱ्यांनी हा उलटा प्रवास लक्षात ठेवावा.

ती रेल्वे तीस वर्षेच चालली. दुधाची वाहतूक मोटारीने पळवली आणि 1934 मध्ये गाडी बंद झाली. इंजिने मोडीत गेली. एका इंजिनाला कॅलथ्रॉपचेच नाव होते, तेही वाचले नाही. पण रूळ उखडल्यावर उरलेली वाट काउंटीने ताब्यात घेतली आणि 1937 मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी खुली केली. आज ती मॅनिफोल्ड वे म्हणून ओळखली जाते. लोक सायकली घेऊन येतात, बोगद्यातून जातात, नदी कुठे गडप होते ते पाहतात. आठ-सव्वाआठ मैलांची एक तोट्यातली रेल्वे मेल्यानंतर नव्वद वर्षे कामाला येते आहे, कारण कुणीतरी वेळेवर जमिनीचा सातबारा सांभाळला.

आपल्याकडे 202 मैल होते. ब्रॉडगेजसाठी बराचसा भाग तोच वापरला गेला, पण वळणे सरळ करताना जुन्या वाटेचे तुकडे बाजूला पडले. अशा तुकड्यांचे पुढे काय होते हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. आधी बाभळी येतात, मग कडेचा शेतकरी एकेक तास पुढे सरकतो. दगडी मोऱ्यांचे चिरे कुणाच्या तरी विहिरीला किंवा ओट्याला लागतात. पंढरपूरला जाणारे लाखो लोक आजही पायी चालतात आणि बहुतेक ठिकाणी ते हमरस्त्याच्या कडेने, ट्रकच्या धुरात चालतात. पायवाटेची गरज ज्या मुलखाला जगात सर्वांत जास्त, तिथेच आयती वाट हातची गेली, याचे मला फार वाईट वाटते. जिथे असे तुकडे उरलेत तिथे तरी मोजणी करून दिंड्यांसाठी वाट काढता येईल. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना अजून उभा आहे आणि बार्शी लाइटची आठवण जागवायला त्याहून योग्य जागा नाही.

नदी ओलांडून माळशिरसकडे गेले की साखरेचा इतिहास सुरू होतो. सहकारी कारखानदारीची कथा आपण प्रवरेपासून, 1950 च्या आसपासपासून सांगतो. पण नीरेच्या उजव्या कालव्यावर खंडाने जमिनी कसायला आलेल्या सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये स्वतःचे भांडवल घालून कंपनी काढली आणि माळीनगर उभे केले. सावकाराच्या गुळाच्या भावाला कंटाळलेला बागायतदार स्वतः मालक झाला, ही घटना सहकारी कायद्याच्या चौकटीबाहेर घडली म्हणून आपण तिला गौण मानतो. शेजारी श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केले. भागभांडवलासाठी त्यांनी मध्यमवर्गीयांपर्यंत आणि छोट्या शेतकऱ्यांपर्यंत पायपीट केली. पुढे तिथेच पांडुरंग सहकारी कारखाना आला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी ओसाड रानात वालचंदनगर वसवले. साखर कारखान्यासाठी लागणारी यंत्रे दुरुस्त करता करता तिथे यंत्रेच बनू लागली, आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग त्याच नीराकाठच्या कार्यशाळांतून गेले. उसाच्या रसातून अवकाशापर्यंतचा हा प्रवास शाळेच्या पुस्तकात असायला हवा. बारामती-इंदापूरच्या मुलांनाही तो नीट ठाऊक नसतो.

आज सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा आहे. एवढे कारखाने असताना एकाही जुन्या कारखान्यात पाहुण्याला गाळपाची गोष्ट समजावून सांगण्याची सोय नसावी? खरे तर ती किती सोपी आहे. वजनकाटा, गव्हाण, कटर, एकामागून एक गिरण्या, रस तापवणे, चुना आणि गंधक घालून निवळणे, आटवणे, पॅनमध्ये दाणा धरणे, सेंट्रिफ्यूगल. शंभर टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर, अठ्ठावीस-तीस टन बगॅस आणि चार टनांच्या आसपास मळी. बगॅस बॉयलरला जाते आणि तिच्यातून वीज, मळीतून अल्कोहोल आणि आता इथेनॉल, प्रेसमड शेताला. काही वाया जात नाही म्हणून या उद्योगाचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. फक्त या ताळेबंदात पाणी कुठेच नसते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो आणि ते सगळे महिने पाणी पितो. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हे पीक उभे आहे ते केवळ उजनी आणि नीरेच्या जोरावर. धुराड्याचा वारसा सांगताना धरणाचा मृतसाठा सांगितला नाही तर ती जाहिरात होते.

धुराड्यांचे म्हणाल तर सोलापूर शहराने एक धडा नुकताच दिला आहे. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी विमानतळाला अडथळा ठरते म्हणून 15 जून 2023 रोजी स्फोटकांनी पाडली. काही सेकंदांत ती खाली आली आणि लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिली. तिचे वय फारसे नव्हते, तेव्हा ती वारसा होती असे मी म्हणणार नाही. पण तिच्याभोवती वर्षानुवर्षे जेवढे आंदोलन, राजकारण आणि लेखन झाले, त्याच्या शतांशही लक्ष 1877 ची जुनी गिरणी नामशेष होताना मिळाले नव्हते. तिच्या भोंग्यावर अर्धे शहर उठत-बसत होते.

आता नदीत उतरू. भीमेवर आणि तिच्या उपनद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत लोखंडी बर्गे बसवायचे, पाणी अडवायचे, आणि मृगाच्या आधी बर्गे काढून नदीला वाट मोकळी करायची. ही यंत्रणा इतकी साधी, की गावातला पोरगाही ती समजावून सांगेल. ती बिघडते तीही साध्याच कारणांनी. बर्गे गंजतात, रबरी पट्ट्या कुजतात, कधी बर्गेच भंगारात जातात. अडवलेले पाणी मग फटींतून निघून जाते. आणि सोलापूर शहरासाठी नदीतून पाणी सोडायचे ठरले की काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते आणि वाद पेटतो. शहराला हवे असते थोडे, सोडावे लागते त्याच्या कितीतरी पट, कारण उन्हाळ्यातले तापलेले पात्र वाटेतच पाणी पिते. 2021 मध्ये उजनीतले पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे वळवण्याचा आदेश निघाला, तेव्हा सोलापूर जिल्हा रस्त्यावर उतरला आणि आदेश मागे घ्यावा लागला. पाण्यासाठी पक्ष बाजूला ठेवून एकत्र येता येते, हे त्या वेळी दिसले. वाळूसाठी असे एकत्र येणे मी अजून पाहिलेले नाही.

वाळू हे या नदीचे दुसरे भांडवल. पात्रात वाळूचा थर असला की पुराचे पाणी त्यात मुरते, गाळून निघते आणि काठच्या विहिरींना महिनोन्‌महिने पुरते. वाळू गेली की तळ खाली जातो, विहिरींची पातळी त्याच्यामागून जाते आणि बंधाऱ्याचे, पुलाचे पाये उघडे पडतात. म्हणजे बांधलेला वारसा आणि निसर्गाचा वारसा असे दोन वेगळे कप्पे इथे नाहीतच. ब्रास-ब्रासने जी वाळू रात्री ट्रॅक्टरमधून जाते, तिच्यावरच बर्ग्यांचा बंधारा उभा असतो. पंढरपूरच्या वाळवंटात शतकानुशतके कीर्तने झाली, त्या वाळवंटातही खड्डे पडले आणि त्यात माणसे बुडाली. पंढरपुरातल्या भीमेसाठी, म्हणजे चंद्रभागेसाठी, राज्य सरकारने 2016 मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केले. घाट आणि सांडपाण्याचे प्रकल्प ही कामे दिसतात म्हणून ती आधी होतात. पण चंद्रभागेला येणारे पाणी पुणे-पिंपरी चिंचवडच्या सांडपाण्याचा भार घेऊन आधी उजनीत थांबते, हिरवे होते, आणि मग करकंबच्या कालव्यात आणि पंढरीच्या घाटावर येते. घाट कितीही फरशीचा केला तरी वरचे पाणी तेच.

तरीही उजनीने एक चांगली गोष्ट शिकवली आहे. धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पट्टकदंब हंस येतात. विस्थापनानंतर मासेमारीकडे वळलेल्या कुटुंबांतली पोरे आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि घरी चिलापीचे कालवण खाऊ घालतात. पक्षी टिकावेत यात त्यांचा रोजगार अडकला आहे, म्हणून ती दलदल सांभाळतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते आणि माणसे ते पाहायला लोटतात. मंदिर उघडे पडले याचा आनंद मानावा की धरण आटले याचे दुःख, हे ज्याच्या त्याच्या रानाच्या अंतरावर अवलंबून.

आणि करकंबचे स्वतःचे काय? करकंबने जे टिकवले आहे ते ना दगडात ना लोखंडात. ते पातेल्यात आहे. करकंबची बाजार आमटी आज सोलापूर-पुण्यापर्यंत नावाने ओळखली जाते. आठवडी बाजाराला आलेल्या माणसांनी आणि व्यापाऱ्यांनी थोडा थोडा जिन्नस काढून एकत्र शिजवलेली म्हणून बाजार आमटी, असे गावात सांगतात. वेगवेगळ्या डाळी एकत्र, भाजलेले खोबरे, कांदा, लसूण, सढळ मसाला, वर तर्री. चुलीवर मोठे पातेले, वर्गणी काढून जमलेली मंडळी, आणि ताटात कडक भाकरी कुस्करून तिच्यावर ओतायची. चमच्याने खाणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात. ही आमटी कुठल्या योजनेने वाचवली नाही. ऊसतोडीच्या हंगामात, शेतावरच्या पार्टीत, निवडणुकीच्या बैठकीत ती शिजत राहिली म्हणून टिकली. तिच्यातल्या डाळी मात्र आता बहुतेक दुकानातून येतात. ज्या रानात तूर-हरभरा होता तिथे ऊस आहे.

मला जे सुचवायचे आहे ते या आमटीवरूनच सुचते. या खोऱ्यात वेगळे संग्रहालय बांधण्याची घाई करू नये. त्याची इमारत होईल, उद्‌घाटन होईल, आणि पुढे कुलूप लागेल. जे चालू आहे त्यालाच वारसा मानून त्याची निगा राखावी. प्रत्येक बंधाऱ्याच्या बर्ग्यांची मोजदाद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावी. उजनीच्या कालव्यावरची जुनी गेटे, मोजपट्ट्या आणि पाटकऱ्यांच्या आवर्तनाच्या वह्या यांची नोंद तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. हे काम एका हंगामात होण्यासारखे आहे. कारखान्यांनी आपली जुनी इतिवृत्ते, पहिल्या भागधारकांच्या याद्या, यंत्रांचे आराखडे वाळवीच्या तावडीतून काढावेत. माळीनगर आणि वालचंदनगरसारख्या ठिकाणी तर ही कागदपत्रे म्हणजे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे मूळ साधन. गाळप चालू असताना आठवड्यातून एक दिवस शाळांना कारखाना दाखवावा. पाहुण्यांसाठी एक फेरी आखावी: कुर्डुवाडीला बार्शी लाइटची ओळख करून घ्यावी, करकंबला उतरून कारखाना आणि आमटी, संगमावर नरसिंहपूर, पलीकडे माळीनगर-श्रीपूर, आणि परतीला भिगवणचे पक्षी. वारीला येणाऱ्या लाखोंपैकी हजारातला एक माणूस जरी दोन दिवस जास्त थांबला, तरी या गावांना ते पुरेसे आहे.

खर्चाचा प्रश्न निघेलच. गाळपाच्या प्रत्येक टनामागे शेतकऱ्याच्या बिलातून वेगवेगळ्या निधींसाठी कपाती होतात, याची या भागाला सवय आहे. त्यात नदीसाठी एक रुपया धरला आणि तो कुठे खर्च झाला हे वार्षिक सभेत वाचून दाखवले, तर बर्गे, रबरी पट्ट्या आणि जुन्या दप्तराच्या कपाटांचा खर्च सहज निघेल. सभेत गोंधळ होईल, माइक ओढला जाईल, कुणी तरी विषयपत्रिका फाडेल. तेही इथल्या सहकाराच्या परंपरेला धरूनच आहे. विषय पहिल्या वर्षी नामंजूर झाला तर दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडायचा.